घटक ४ : परीलोकाची प्रणयकथा आणि दडलेले कुळ

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ‘बदललेले मूल’ या युरोपीय लोककथाबीजाचे स्वरूप सांगता येईल;
• या बीजाचा आधुनिक कुमार-युवा कादंबरीत झालेला कायापालट स्पष्ट करता येईल;
• परिचित भारतीय कथांशी त्याची तुलना करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजीत ‘यंग अडल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुमार-युवा साहित्यात गेल्या दोन दशकांत अद्भुतरम्य प्रणयकथेने मोठे स्थान मिळवले आहे. सारा जे. मास यांची ‘थ्रोन ऑफ ग्लास’ (२०१२) ही मालिका आपल्या ऐकण्यात असेल. या कथांची नायिका बहुधा सोळा-सतरा वर्षांची असते. परीलोकातील पुरुषाशी तिची गाठ पडते आणि आपले कुळ आपण समजत होतो ते नाही, हे तिला कळते.

अशा कथा केवळ मनोरंजनाच्या म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. परंतु त्यांचे मूळ ज्या लोकसमजुतीत आहे, ती निरुपद्रवी नव्हती. म्हणून आपण आधी तिचा विचार करू आणि मग हॉली ब्लॅक यांच्या ‘टाइद’ (२००२) या कादंबरीकडे वळू.

४.३ लोकसमजुतीतील ‘बदललेले मूल’

मराठीत ‘परी’ म्हटले की पंखांची, प्रेमळ, सुंदर स्त्री डोळ्यांसमोर येते. हा शब्द फारसीतून आला आहे. आयर्लंड व स्कॉटलंडच्या लोकपरंपरेतील ‘फेअरी’ मात्र निराळे असतात. ते टेकड्यांच्या पोटात राहतात, लोखंडाला भितात, दिलेल्या शब्दाने बांधले जातात आणि माणसांना पळवून नेतात. नावानिशी त्यांचा उल्लेख करणे लोक टाळत. आपल्याकडे पाणवठ्यावरच्या साती आसरांविषयी जो आदर आणि जी भीती आढळते, तिच्याशी ही भावना अधिक जुळते.

फेअरी माणसाचे सुदृढ मूल पळवतात आणि पाळण्यात आपल्यातलेच एक ठेवून जातात, अशी समजूत होती. त्या ठेवलेल्या मुलाला ‘चेंजलिंग’, म्हणजे बदललेले मूल, म्हणत. मूल खंगू लागले, बोलेना, चालेना, किंवा इतरांहून वेगळे वागू लागले की हा संशय घेतला जाई. आजार आणि अपंगत्व यांचा उलगडा करण्याची ती एक रीत होती. तिची दुसरी बाजू भयंकर होती. ‘हे आपले नव्हे’ असे एकदा ठरले की त्याला छळणे हा गुन्हा वाटत नसे. उलट, छळले तर खरे मूल परत मिळेल, अशी आशा असे.

प्रौढ व्यक्तींवरही हा संशय येई. १८९५ साली आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लीअरी ही विवाहित स्त्री आजारी पडली. ही आपली पत्नी नसून तिच्या जागी आलेली फेअरी आहे, असे म्हणत तिचा पती मायकेल याने तिला जाळले. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून शिक्षा दिली.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : ‘बदललेले मूल’ ही समजूत कोणत्या सामाजिक गरजेतून टिकली असावी? चार-पाच वाक्यांत लिहा.

४.४ ‘टाइद’ : बदललेल्या मुलाची बाजू

‘टाइद’ म्हणजे दशमांश. चर्चला द्यावयाचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. ‘टॅम लिन’ या स्कॉटिश कथागीतात फेअरींना दर सात वर्षांनी नरकाला असा हिस्सा द्यावा लागतो. तो आपल्या रूपाने दिला जाईल, अशी भीती त्यांच्या कैदेतील टॅम लिनला वाटते. त्याची प्रेयसी जॅनेट त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि तो हिंस्र रूपे धारण करीत असतानाही मिठी सोडत नाही. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या कथागीतसंग्रहात हे गीत ३९व्या क्रमांकावर आहे.

ब्लॅक यांनी हा बळीचा धागा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आणला. सोळा वर्षांची के गायिका असलेल्या आईबरोबर गावोगाव फिरून आजीच्या घरी परतते. रानात जखमी पडलेल्या रॉयबेन या फेअरी योद्ध्याला ती वाचवते. पुढे तिला कळते की आपण मनुष्य नाही. खऱ्या ‘के’च्या जागी ठेवलेले मूल आपणच आहोत. तिला मर्त्य समजून तिचा बळी दिला जाणार असतो.

येथे दृष्टिकोनातील बदल लक्षात घ्या. लोककथेत आपण पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या आईबापांच्या बाजूने पाहतो. कादंबरीत त्या परक्या मुलाच्याच बाजूने. ज्याला कथेत कधी वाचा नव्हती, तेच येथे मध्यवर्ती पात्र होते.

प्रणयाचा भागही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. केला रॉयबेनचे संपूर्ण नाव कळते. फेअरींच्या जगात खरे नाव कळणे म्हणजे त्या व्यक्तीवर सत्ता मिळणे. तिच्या तोंडून सहज निघालेली आज्ञाही त्याला पाळावी लागते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या प्रेमाला अर्थ काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. तरुण वाचकासाठी तो जादूच्या जगापुरता मर्यादित राहत नाही.

‘आयर्नसाइड’ (२००७) या पुढील भागात के आईला सत्य सांगते आणि तिची खरी मुलगी परत आणायला निघते. आपले स्थान धोक्यात येईल हे ठाऊक असूनही ती हे करते.

४.५ तुलनात्मक विचार

अप्सरा आणि मर्त्य पुरुष यांचे प्रेम आपल्याला ऋग्वेदातील (१०.९५) पुरूरवा-उर्वशी संवादापासून परिचित आहे. तेथे अट मोडते आणि उर्वशी निघून जाते. दडलेल्या कुळाचे मोठे उदाहरण म्हणजे कर्ण. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीमुळे तो मराठी वाचकाच्या विशेष जवळचा झाला. कर्णाला जन्माचे सत्य कळते तेव्हा त्याच्यापुढे राज्य व प्रतिष्ठा असते; तरीही तो राधेचा पुत्र राहणे पसंत करतो. केला सत्य कळते तेव्हा मात्र तिच्या हातून घर निसटण्याची शक्यता असते. एकाला कुळ मिळते, दुसरीचे सुटते. परंतु दोघेही जन्माने नव्हे, तर स्वतःच्या निवडीने आपण कोण हे ठरवतात.

४.६ सारांश

‘बदललेले मूल’ ही समजूत वेगळ्या माणसाला घराबाहेर काढण्याचे साधन होती. आधुनिक कादंबरीने तेच बीज घेऊन बाहेर काढल्या जाणाऱ्याला बोलते केले. साहित्य जुनी कथाबीजे जतन करते, तसा त्यांचा न्यायही नव्याने करते, हे या घटकातून आपल्या लक्षात आले असेल.

४.७ सरावासाठी प्रश्न

१. नावाची सत्ता आणि प्रेमातील संमती यांचा संबंध ‘टाइद’च्या आधारे स्पष्ट करा.
२. के आणि कर्ण यांच्या निवडींची तुलना करा.
३. आपल्या परिसरातील आसरा किंवा तत्सम लोकदैवतांविषयीच्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकून नोंदवा. त्या कथांत कोणाला बोलू दिले आहे आणि कोणाला नाही, यावर टिपण लिहा.