प्रवेश दिल्यानंतरचं काम

चि. मुक्तास,


शालेय मानसशास्त्राच्या प्रवेश समितीवर तुला घेतलं, फार आनंद झाला. ‘वेगळ्या समाजांतली मुलं आमच्याकडे अर्जच करत नाहीत’, असं तू लिहितेस. अगं, ती शाळांतच आहेत. इथे फ्रेस्नोच्या बाजूला वर्गात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या कितीतरी जणी घरी स्पॅनिश, मोंग, पंजाबी बोलतात. पदवी घेतलेल्या, मुलांची नस ओळखणाऱ्या. त्यांच्याकडे स्वतः जा. मुलाखतीत संशोधनाइतकंच वजन या कामालाही दे.

डायना खटला तू शिकवतेसच. कॅलिफोर्नियातल्या सोलेदादच्या स्पॅनिशभाषक घरांतल्या नऊ मुलांना इंग्रजी चाचण्यांवरून मतिमंदांच्या वर्गात घातलं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्या तज्ज्ञाने पुन्हा तपासल्यावर बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच. ही १९७० ची गोष्ट. १९७५ च्या विशेष शिक्षणाच्या कायद्याने शक्य तिथे मुलाच्या भाषेत चाचणी घ्यायला सांगितलं, पण घेणारी माणसं अजून अपुरी आहेत. म्हणून मी तुझ्या मागे लागते आहे.

प्रवेश दिल्यावर खरी गळती पैशाने होते. शेवटच्या वर्षी किमान बाराशे तासांची इंटर्नशिप, आणि कित्येक ठिकाणी तिला पगार नाही. जिच्या पगारावर घर चालतं, तिने वर्षभर काय खायचं? शाळा-जिल्ह्यांशी बोलून पगारी जागा आधी मिळव, मग जाहिरात काढ.

दुसरं, दुभाषिपणाचं. स्पॅनिश येणारी विद्यार्थिनी अहवाल लिहीत बसलेली असते आणि ऑफिसातून हाक येते, ‘जरा या आईशी बोलतेस?’ जरा जरा करत दुपार जाते. तिची सोबतीण तेवढ्या वेळात दोन चाचण्या शिकून घेते. हे फुकटचं काम तू लेखी थांबव. तिचं दोन भाषांतलं मूल्यमापन मात्र प्रशिक्षणाच्या तासांत मोजलं गेलं पाहिजे, आणि त्यावर देखरेखीला ती भाषा जाणणारी व्यक्ती हवी. तशी तुमच्या विभागात नसेल तर बाहेरून मानधन देऊन आण.

एकटीला कधीही आणू नकोस. निदान दोघी-तिघी एका वर्षी. नाहीतर वर्गात प्रत्येक वेळी ‘तुमच्यात कसं असतं?’ हा प्रश्न तिच्याच वाट्याला येतो, आणि दमून ती बोलायचीच थांबते.

तिच्या पहिल्या अहवालावर नुसत्या लाल खुणा करून पाठवू नकोस, शेजारी बसवून वाच. निरीक्षण अचूक असतं, वाक्य तेवढं अडतं.

समितीच्या बैठकीआधी पगारी जागा किती मिळतात ते मला कळव.

तुझी,
सुधामावशी