विंचूदंशाचे निदान : बिरवाडी-महाडचा अनुभव

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत पावसाळ्यापूर्वी घरे शाकारणे, लाकूडफाटा रचणे, पेंढा हलविणे ही कामे निघतात आणि विंचवाशी गाठ पडते. इंगळी म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर. परंतु जीवास खरा धोका आकाराने लहान अशा लाल विंचवापासून असतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या गंभीर दंशाने शंभरातील तीस-चाळीस रुग्ण दगावत. मोठी यंत्रसामग्री हाताशी नव्हती. रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी ठेवणे, एवढेच साधन होते. त्या नोंदींतूनच रोगाचे खरे स्वरूप उलगडले. दंश बोटाला होत असला तरी आजार साऱ्या शरीराचा असतो. विषामुळे रक्तात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि भाराने थकलेले हृदय फुप्फुसांत पाणी साचू देते. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

निदानात चूक होते ती वेदनेपाशी. दंशाच्या जागी असह्य कळा, पण अन्य लक्षण नाही, असा रुग्ण बहुधा बचावतो. याउलट वेदनेची फारशी तक्रार न करणारे, परंतु ओकाऱ्या होणारे, घामाने निथळणारे, हातपाय गार पडलेले मूल मोठ्या धोक्यात असते. ‘दुखणे थांबले, विष उतरले’ असे म्हणून अशा मुलास मांत्रिकाच्या अंगणात निजविले जाते आणि मोलाचा वेळ निघून जातो. पुरुषांत व मुलग्यांत लिंगास ताठरपणा येणे हेही महत्त्वाचे लक्षण होय. संकोचापायी नातेवाईक ते सांगत नाहीत. तपासणाऱ्यानेच ते पाहावयास हवे. पुढे खोकला, धाप व तोंडाशी गुलाबी फेस दिसू लागला, म्हणजे फुप्फुसांत पाणी साचले असे समजावे.

आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या दंशावर वापरले. त्याचा वृत्तान्त १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. मृत्यूचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने घटले. विंचवाची प्रतिलस प्राझोसिनच्या जोडीस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे महाड येथील ७० रुग्णांच्या अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

प्राझोसिनची गोळी स्वस्त आहे. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णास आडवेच ठेवावे, रडणाऱ्या मुलास मायेने कडेवर उचलू नये. पोलादपूरच्या डोंगरवाडीवरून रुग्णास खाली आणताना शिक्षकाने वा पंचायत सदस्याने एका चिठ्ठीवर दंशाची वेळ, पहिल्या ओकारीची वेळ आणि घरी दिलेले औषध लिहून ती सोबत द्यावी. तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच पडतो.