नोकरी बदलताना प्रकृतीचा हिशेब

वाचकहो, या सदरातून आजवर मी इतरांच्या दुखण्यांविषयी लिहीत आलो. आज स्वतःच्या दुखण्याविषयी लिहिणार आहे. "डॉक्टरनं आपलीच चूक पेपरात छापायची का?" असे घरातून विचारले गेले. पण गेल्या महिन्यात तीन वाचकांची पत्रे आली आणि तिन्हींचा आशय एकच होता. वीस-बावीस वर्षांची नोकरी सोडून नव्या कंपनीत लागलो, पगार वाढला, पण झोप उडाली, पित्त वाढले, तब्येत काही बसेना. पत्रे वाचताना मला माझेच २०२२ साल आठवले. म्हणून हा लेख.

मी एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात २१ वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो. वसाहतीतल्या घरापासून दवाखाना चालत चार मिनिटांवर. कारखान्याचा भोंगा हेच घड्याळ. सकाळी साडेदहाला कंपाउंडर चहा आणत. संध्याकाळी शेतकी खात्यातल्या दोघा मित्रांबरोबर ऊस वाहतुकीच्या रस्त्याने तीन किलोमीटर फेरी. असे दिवस चालले होते. पुढे पगार थकू लागले, मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. मार्च २०२२ मध्ये, गळीत हंगाम संपता संपता, मी राजीनामा दिला. वय होते ५१.

जाताना 'नो ड्यूज'चा कागद फिरवावा लागतो. स्टोअर, कँटीन, पतसंस्था, टाइम ऑफिस अशा सगळ्या विभागांच्या सह्या घेतल्या. त्यात दवाखान्याचाही एक रकाना होता. तिथे सही करणारा मीच. काही न पाहता मी ती करून टाकली.

एप्रिलपासून औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत रुजू झालो. मशिनचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तीन पाळ्या. वसाहतीतले घर सोडून आम्ही शहरात राहायला आलो. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस. सगळी नोंद संगणकावर. माझ्या वरचे अधिकारी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण वागायला अतिशय सौजन्यशील. तक्रार करावी असे काहीच नव्हते. तरीही पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. चार महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले. दुपारनंतर डोके जड. मी स्वतःला सांगत होतो, नवीन जागा आहे, बसेल हळूहळू.

जुलैमध्ये कंपनीत आरोग्य तपासणी शिबिर होते. रक्तदाबाचे नवे यंत्र आले होते. सिस्टर म्हणाल्या, "सर, आधी तुमच्यावरच बघते." आकडा आला १६८/१०४. मी म्हणालो, "मशिन बिघडलेलं दिसतंय." त्या काही बोलल्या नाहीत. पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. ११६/७४. मग मला पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले. १६६/१०२. यंत्र ठीक होते.

त्याच संध्याकाळी एका फिजिशियन मित्राकडे गेलो. रक्तदाबाची गोळी मला सहा वर्षांपासून चालू आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने विचारले, "गोळी घेतोस ना?"

"घेतो की."

"आज घेतलीस?"

मी गप्प.

"काल?"

घरी येऊन औषधांचा डबा पाहिला. एप्रिलमध्ये आणलेल्या तीन पट्ट्यांपैकी दोन तशाच होत्या. गोळी बंद करायचे मी कधीच ठरवले नव्हते. ती आपोआप सुटली होती. कारण सांगितले तर हसू येईल. कारखान्यात गोळी माझ्या टेबलाच्या खणात असायची आणि साडेदहाचा चहा आला की हात आपसूक खणाकडे जायचा. नव्या कंपनीत साडेदहाचा चहा नव्हता, तो खणही नव्हता. गोळी चहाच्या खुंटीला टांगलेली होती. खुंटी निघाली, गोळी पडली, आणि पडल्याचा आवाजही झाला नाही.

आजच्या लेखात सांगायचे ते एवढेच. जुनी नोकरी आपल्याला केवळ पगार देत नसते. तिच्या खुंट्यांना आपली झोप, जेवण, चालणे, औषध आणि दोन शब्द बोलायची माणसे टांगलेली असतात. नोकरी सुटली की त्या खुंट्या एकाच दिवशी निघतात. नव्या खुंट्या आपण मुद्दाम ठोकाव्या लागतात.

शरीराला बदल कळतो

"नोकरी मीच सोडली, चांगल्यासाठी सोडली, मग त्रास का?" असे पत्रांत विचारले आहे. ताणाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली कॅनडातील माँट्रियल येथून असे मांडले की, शरीरावर वेगवेगळे आघात झाले तरी त्याची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखी असते. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणे, आणि ताण लांबला तर थकवा. या काळात मूत्रपिंडावरील ग्रंथी जास्त रस सोडतात. त्यामुळे रक्तदाब व साखर चढते आणि झोप सावध होते.

१९६७ साली अमेरिकेत थॉमस होम्स व रिचर्ड राहे यांनी आयुष्यातील ४३ बदलांना गुण देऊन एक यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, लग्नासारख्या आनंदाच्या गोष्टीलाही ५०. मी माझे गुण मांडले. कामाच्या जबाबदारीत बदल २९, कामाच्या वेळा बदलणे २०, घर बदलणे २०, झोपेच्या सवयीत बदल १६, खाण्याच्या सवयीत बदल १५. बेरीज बरोबर १००. याचा अर्थ दुःख तेवढेच झाले असा नव्हे. हे गुण दुःखाचे नसून जुळवून घेण्यासाठी पडणाऱ्या श्रमांचे आहेत, आणि ही यादी एक ढोबळ अंदाज देते इतकेच. पण किरकोळ वाटणारे बदल एकत्र आले की ओझे किती होते, हे त्यावरून कळते.

सगळेच 'टेन्शन' नसते

माझ्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या स्टोअरमध्ये एक गृहस्थ रुजू झाले. वय ४४, आधीच्या ठिकाणी अठरा वर्षे काढलेली. एके दिवशी पावणेनऊला त्यांना दोघांनी धरून आणले. दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. आणणारा म्हणाला, "डॉक्टर, नव्या जागेचं दडपण आलंय त्यांना, घाबरलेत." बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली तर ५२. ती ७० च्या खाली जाणे धोक्याचे. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग पोळी-भाजी खायला लावली. माणूस ताळ्यावर आला.

झाले होते असे की, मधुमेहाची गोळी ते पूर्वी घरून आठला न्याहारीबरोबर घेत. आता सहाची बस म्हणून गोळी पहाटे साडेपाचला आणि न्याहारी कँटीनमध्ये नऊला. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर पोट इतका वेळ रिकामे ठेवता येत नाही. त्यांनी गोळी चुकवली नव्हती, पण खुंटी चुकली होती. हा प्रसंग मशिन चालवताना किंवा मोटारसायकलवर घडला असता तर? तेव्हा पाळी किंवा जेवणाची वेळ बदलणार असेल तर मधुमेहींनी आधी आपल्या डॉक्टरांकडून गोळी वा इन्शुलिनची वेळ नव्याने ठरवून घ्यावी.

राजीनाम्यापूर्वी

एका कागदावर आपला सध्याचा दिवस लिहून काढा. उठणे, चहा, औषध, जेवण, चालणे, गप्पा, झोप. प्रत्येकासमोर लिहा, हे कशामुळे घडते? जे जे नोकरीमुळे घडते त्यावर खूण करा. तेवढ्याच खुंट्या नव्याने ठोकायच्या आहेत.

शेवटच्या महिन्यात वजन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही करा. पुढे त्रास झाला तर तुलनेला हे आकडे लागतात. औषधांच्या चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि निदान महिन्याभराची औषधे घरात असू द्या.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. स्वतःची नवी पॉलिसी घेतल्यास आधीपासून असलेल्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते. म्हणून सामूहिक विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे सोडण्यापूर्वीच विमा कंपनीला विचारा. राज्य कामगार विमा योजनेत असाल तर जुना विमा क्रमांक नव्या ठिकाणी द्या. आणि जमल्यास दोन नोकऱ्यांच्या मध्ये आठवडाभर मोकळा ठेवा.

पहिले तीन महिने

औषध अशा गोष्टीला बांधा जी नोकरी बदलली तरी बदलत नाही. दात घासणे, आंघोळ, देवपूजा, काहीही चालेल. मात्र जेवणाशी संबंधित गोळी जेवणालाच बांधावी. "आता बरे वाटते" म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने सोडू नये. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या एकदम बंद करणे तर हृदयाला घातक ठरू शकते.

उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवा. मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून मंद उजेडात शांत बसा, डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हा. घड्याळ आणि मोबाइल पाहू नका. रात्रपाळी असल्यास दिवसा खोलीत पूर्ण अंधार करून झोपा.

नव्या कंपनीत मशिनचा चहा-कॉफी फुकट असतो. मी दिवसाला सहा कप पीत होतो, तेही गोड. कॉफीतले द्रव्य निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी तीननंतर ते बंद करावे. झोपेसाठी दारूचा आधार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की डोळा लवकर लागला तरी उत्तररात्री झोप मोडते. नव्या मित्रमंडळात तंबाखू, सिगारेट सुरू होते, तिथे पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणणे सोपे असते.

फेरीचा रस्ता हरवला तर नवा शोधा. मी बसमधून दोन थांबे आधी उतरून चालतो. आणि जुन्या सोबत्यांपैकी एकाशी तरी आठवड्यातून एकदा बोला. नव्या जागी आपण पुन्हा शिकाऊ असतो, विचारावे लागते, चुकते. हे कोणाजवळ तरी मोकळेपणाने बोलता आले पाहिजे.

धीर धरा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर काहींना २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले.

घरच्यांना एक विनंती. "एवढा पगार वाढला, आता कसली कुरकुर?" असे म्हणू नका. जेवताना "आज काय काय झालं?" एवढे विचारा आणि ऐका.

केव्हा थांबू नये

छातीत दुखणे वा दाब, धाप, अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दिसताच तडक रुग्णालय गाठावे. रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर, सारखी तहान, कारण नसता वजन घटणे, यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. सतत दोन आठवडे उदास वाटणे, कशातच मन न लागणे हाही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असा विचार आला तर एकटे राहू नका. घरच्यांना सांगा. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे मराठीतही बोलता येते.

माझी गोळी आता दात घासायच्या ब्रशच्या पेल्याशेजारी असते. मागच्या आठवड्यात रक्तदाब १३२/८४ होता. मोजला सिस्टरांनीच. पहाटे कधी जाग आली तर भोंग्याची वाट पाहिल्यासारखे होते, पण मग पुन्हा डोळा लागतो.

नोकरी सोडायला माझा विरोध नाही. मी सोडली, ते योग्यच झाले. फक्त 'नो ड्यूज'चा कागद फिरवाल तेव्हा प्रकृतीचा रकाना स्वतः नीट वाचा आणि मगच सही करा. मी केली तशी न पाहता करू नका.