विमानाचा गेम आणि कोनाचा तास

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या पनवेलच्या मुलांना विमानाचं वेड लागलंय. घरी बाबांच्या मोबाईलवर ‘इन्फिनिट फ्लाइट’ हा गेम. त्यात वेग, उंची, दिशा सांभाळावी लागते, उतरताना फ्लॅप्स आणि चाके काढावी लागतात. मला मात्र उपयोगी पडले धावपट्टीचे आकडे! मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९, दुसऱ्या टोकाला २७. म्हणजे होकायंत्रावर साधारण ९० आणि २७० अंश. शेवटचे शून्य गाळलेले. फरक १८०, अगदी उलट दिशा. दुसऱ्या धावपट्टीच्या १४ समोर काय असेल? कोनमापक बघून कपाळाला आठ्या घालणाऱ्या मुलीनेच आधी सांगितले, ३२! पालकांनो, गेम दहाच मिनिटे द्या, पण शेजारी बसून हे आकडे विचारा.