चुलीला मोकळा श्वास

थंडीत दारे-खिडक्या लावून चूल पेटविली की घरभर धूर कोंडतो, हे बालाघाटच्या खेड्यांत घरभेटीला जाताना आम्ही नेहमी पाहतो. धूर म्हणजे हवेवाचून अर्धवट जळलेले सरपण. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींची मोहीम काढली. परंतु चूल कोणतीही असो, नियम तेच:

१. रोज राख काढा. लाकडे जाळीवर ठेवा, म्हणजे खालून हवा मिळेल.
२. वाळलेले, बारीक फोडलेले सरपण थोडेथोडे सारा.
३. धुराडे कौलांच्या आढ्याहून हातभर उंच असावे. महिन्याला काजळी झाडा.
४. धूर उलटला, तर धुराड्याच्या बुडाशी मूठभर तणस पेटवा. धुराडे तापले की ओढ धरते.

निखारे ठेवून बंद खोलीत मात्र कधीही झोपू नका. त्यांच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.