आकाशांतून पडलेलें कडें

सन २०२२ च्या एप्रिलची २ तारीख, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास विदर्भांतील पुष्कळ गांवांवरून जळत्या तुकड्यांची एक रांग संथपणें सरकत गेली. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं, धातूचें एक कडें येऊन पडलें. त्याचा व्यास सुमारें ३ मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीएवढा! आसपास पोकळ गोळेही सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

अशा वेळीं कोणी तारा तुटला म्हणतो, कोणी अपशकुन मानितो, आणि मग लोक उपदेशक बंधूंस विचारावयास येतात. म्हणून खरें काय तें समजून घ्यावें. सन २०२१ च्या फेब्रुवारींत चीन देशानें ‘लाँग मार्च ३बी’ नांवाचा अग्निबाण उडविला होता. त्याचा तिसरा टप्पा काम संपल्यावर पृथ्वीभोंवतीं फिरत राहिला. विरळ हवेशीं घासून त्याचा वेग थोडथोडा मंदावला व चवदा महिन्यांनीं तो खालीं आला, असा अभ्यासकांचा निर्णय आहे.

तो जळला कां? त्यांतील इंधनानें नव्हे. सेकंदास सुमारें ८ किलोमीटर वेगानें येणाऱ्या वस्तूपुढें हवा दाबली जाऊन अतिशय तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, तसेंच हें. उल्का एकदोन क्षणांत विझते. हें जळतें सामान तुटत तुटत बराच वेळ दिसतें.

अग्निबाण वर चढतांना दिसणारा उजेड निराळा. तो त्याच्या स्वतःच्या आगीचा असतो. आणि सूर्यास्तानंतर उड्डाण झाल्यास उंचावरील धुरावर ऊन पडून तो झळकतो. चाकणच्या शिवारांत सांवली आली तरी भामचंद्राच्या माथ्यावर ऊन असतें, हें आपण पाहतोंच. अग्निबाण आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्याच पुणें जिल्ह्यांत वालचंदनगर येथें भारतीय अग्निबाणांचीं कवचें घडविलीं जातात.

आतां महत्त्वाची गोष्ट. असें कांहीं शेतांत पडल्यास हात लावूं नये, मुलांस जवळ जाऊं देऊं नये. अग्निबाणांतील कांहीं इंधनें विषारी असतात. भंगारवाल्यास तर मुळींच विकूं नये. पोलीस पाटलास कळवावें. लाडबोरीचें कडें पोलिसांनीं ताब्यांत घेतलें, म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांस तें तपासतां आलें. शिवाय सन १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें, ज्या देशानें बाण सोडला त्यानें जमिनीवरील नुकसान भरून द्यावयाचें असतें. सन १९७८ त रशियाचा उपग्रह कॅनडांत पडला, तेव्हां रशियानें ३० लक्ष कॅनेडियन डॉलर दिले. कोणाचें छप्पर मोडलें, तर तो पडलेला तुकडाच त्याचा पुरावा होय.