आधी तुझे पाय, मग त्याच्या उड्या

अगं, गच्चीवर विटा रचून त्यावर झाडूचा दांडा आडवा ठेवलास, तो फोटो पाहिला. दांडा तुझ्या गुडघ्याच्या वर आणि खंड्या अजून नऊ महिन्यांचा! आधी तो दांडा उतरव, मग बोलू.

रागावू नकोस. त्याला अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेत, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, उतरवायचं तुझ्या मनात आलं, याचं मला फार बरं वाटलं. आपल्या जबलपूरच्या नेपियर टाउनात कुत्रा म्हणजे एकतर फाटकाला बांधलेला राखणदार, नाहीतर कूलरसमोर लोळणारा लाडोबा. डोकं चालवायचं काम त्याला कुणी देत नाही आणि मग चपला फाडतो म्हणून बोंब. तेव्हा हौस अगदी योग्य आहे, फक्त वयाचं ऐक. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग कच्चा असतो. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात तो साधारण वर्षभरात पक्का होतो, मोठ्या जातींना दीड वर्षही लागतं. उडी घेताना नव्हे, खाली उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि तिथेच दुखापत होते. एफसीआय ही श्वानांची आंतरराष्ट्रीय संघटना १८ महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला स्पर्धेत घेतच नाही. अमेरिकन केनेल क्लब १५ महिन्यांना घेतो. खंड्या देशी आहे, काटक आहे, असं म्हणशील. काटकपणाने हाडांचं वय वाढत नाही, बाई.

मग तोवर हातावर हात धरून बसायचं? मुळीच नाही. माळ्यावरची शिडी जमिनीवर आडवी टाक आणि तिच्या पायऱ्यांमधून त्याला सावकाश चालव. कुत्र्याला आपले मागचे पाय कुठे पडतात याचा पत्ताच नसतो. पुढचे जातात तिकडे ते फरफटत येतात. शिडीत एकदा अडखळला की मागच्या पायांकडे लक्ष जातं, आणि पुढे उंच अरुंद फळीवरून धावताना तेच कामी येतं. एक रुंद फळी घे, तिच्याखाली मधोमध गुंडाळलेला टॉवेल ठेव आणि त्याला वर येऊ दे. फळी हलली, टोक जमिनीवर आपटून आवाज झाला की लगेच खाऊ. सी-सॉला घाबरणारी कुत्री बहुतेकदा उंचीला नाही, त्या दणक्याला घाबरतात. आणि ‘थांब’ पक्कं कर. सुरुवातीच्या रेषेवर त्याला बसवून तू दहा पावलं पुढे जाऊ शकलीस, तर निम्मा कोर्स तुझा.

आता खरं सांगू? मैदानात चुकतो तो बहुतेक वेळा माणूस. कुत्रा धावता धावता तुझा शब्द नंतर ऐकतो; त्याआधी तुझे खांदे आणि पाय बघतो. तू ‘टनेल’ म्हणून ओरडलीस आणि खांदा मात्र उडीच्या खांबांकडे वळलेला राहिला, तर तो उडीच मारणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. म्हणून आधी एकटी शिक. गच्चीवर चार कुंड्या मांड आणि त्यांच्यामधून वाट काढ. कुत्र्याच्या समोरून वळून बाजू बदलायची, तो फ्रंट क्रॉस. त्याच्या मागून बदलायची, तो रिअर क्रॉस. फ्रंट क्रॉसमध्ये पाठ त्याच्याकडे करायची नाही, तोंड त्याच्याकडे ठेवूनच वळायचं. हे पायात इतकं बसलं पाहिजे की डोक्याला विचारावं लागू नये. गच्ची अपुरी पडली तर सकाळी भंवरतालच्या बागेत जा. हवेत हात दाखवत एकटीच पळणाऱ्या बाईकडे लोक बघतील ही भीती सोड. तिथे येणारे निम्मे ओशोंचं मौलश्रीचं झाड बघायला आलेले असतात.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी मधला वेळ भरायला. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधे प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून आयोजकांपैकी जॉन वार्ली यांनी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने घोड्यांच्या शो-जंपिंगच्या धर्तीवर कुत्र्यांची शर्यत लावली. ती लोकांना इतकी आवडली की दोनच वर्षांत तिथल्या केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली. घोड्यांकडून आलेला असल्यामुळेच ‘रिफ्यूजल’सारखे शब्द अजून टिकून आहेत. अडथळ्यासमोर कुत्रा थबकला किंवा बाजूने निघून गेला की रिफ्यूजल, पाच गुण गेले. तीन झाले की बाद. अडथळ्यांचा क्रम चुकला तर लगेच बाद.

कोर्स १५ ते २२ अडथळ्यांचा असतो आणि परीक्षक तो त्या दिवशी मांडतो. कुत्र्याला बाहेर ठेवून तुला काही मिनिटं तो पायी फिरून पाठ करायला मिळतो. तेव्हा ओळखीच्यांशी गप्पा मारू नकोस. आत गेल्यावर हातात खाऊ नाही, खेळणं नाही, आणि अंगाला हात लावायचा नाही. म्हणजे खिशातल्या पनीरच्या तुकड्यावर नाचणारा खंड्या तिथे तुझ्याकडे बघून म्हणणार, पनीर कुठंय? म्हणून आत्तापासून खाऊ अंगावर ठेवू नकोस. डबा कडेला ठेव, काम झालं की दोघं मिळून डब्याकडे पळा. रिंगच्या बाहेर बक्षीस असतं हे त्याला समजलं की आत तो मन लावून धावतो.

वीव्ह पोलची, म्हणजे खांबांमधून नागमोडी धावण्याची, घाई नको. बारा खांब, दोहोंमध्ये ६० सेंटिमीटर, आणि पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा. कणा सारखा डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे हेही वाढ पूर्ण झाल्यावरच. तोवर प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीचे दोन पाइप आण आणि त्या दोनच खांबांमधून कुठल्याही कोनातून अचूक शिरायला शिकव. दोन उतरत्या फळ्यांच्या ए-फ्रेमची उंची १.७० मीटर, तिच्या खालच्या भागातला वेगळ्या रंगाचा पट्टा कुत्र्याने निदान एका पायाने शिवलाच पाहिजे. त्या पट्ट्याचा सराव जमिनीवर ठेवलेल्या फळीवरही होतो.

आपल्या जबलपूरचं ऊन मात्र विसरायचं नाही. मार्चनंतर सकाळी सहाच्या आत, आणि मेच्या शेवटी येणाऱ्या नवतपात काहीच नाही. घरात पंख्याखाली ‘थांब’ आणि ‘ये’ एवढंच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टिकली नाही, तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. पावसाळ्यात गोचिडांवर नजर ठेव. नेहमी उसळणारा कुत्रा अचानक मंद झाला, हिरड्या फिक्या दिसल्या, तर तो आळस नव्हे, गोचीड ताप असू शकतो. सराव बंद आणि रक्त तपासणी. सांधे तपासून घ्यायला आपल्याकडे १९४८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ते नानाजी देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठात आहे. तिथे जाऊन एकदा विचारून ये, ‘हा उडी मारायला तयार आहे का?’

शेजारच्या काकू म्हणतील, पोलिसांचे कुत्रे कसे कोवळ्या वयापासून शिकतात. त्यांना सांग, ते एकटे शिकत नाहीत; ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कुत्र्याबरोबर त्याचा माणूसही शिकतो. म्हणून खंड्याला एखाद्या ट्रेनरकडे महिनाभर ठेवून ‘तयार करून’ आणायची कल्पना कुणी सुचवली, तर गोड हसून विषय बदल.

स्पर्धा इथे दारात भरत नाहीत, त्यामुळे प्रवास आलाच. रेल्वेत कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीचं नावही काढू नकोस.

आणि येत्या काही महिन्यांत तो सगळं विसरल्यासारखा वागेल. हाक मारलीस तर मान वळवून बघेल आणि खारीमागे निघून जाईल. वयच तसं आहे. तेव्हा ओरडू नकोस, लांब दोरी लाव आणि आधीच्या सोप्या गोष्टीवर परत ये.

सासूबाईंचं म्हणशील, तर त्यांना नाराज ठेवून हा उद्योग चालायचा नाही. गच्चीच्या कडेला खुर्ची टाक, हातात पोह्यांची बशी दे आणि सांग, आई, तुम्ही फक्त त्याला मध्येमध्ये हाक मारून फितवायचं. गर्दीत लक्ष न ढळू देण्याचा सराव इतका चांगला दुसरीकडे मिळणार नाही, आणि आठवडाभरात ‘थांब म्हटलंय ना तुला’ असं त्याच खंड्याला दटावायला लागतील.